शेल्याची गाठ

सोमवार, १७ डिसेंबर १९२८ — मँचेस्टर

माझं लग्न झालं! मला आज सकाळी कळलं. झालं मात्र गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेलाच. तेव्हापासून मी नवरा आहे आणि मलाच पत्ता नाही. आज न्याहारीला बसलेला हिलाल आणि न्याहारीवरून उठलेला हिलाल — दोन वेगळी माणसं.

भाऊचं पत्र टेबलावर पडलं होतं. घरमालकीण मिसेस हॅलमनं ओटची लापशी पुढ्यात ठेवली नि विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक आहे, माझं लग्न झालं. ती हसली. पोरगा इंग्रजीत चुकला असं वाटलं तिला.

अभिमनभाऊ लिहितो — आबांनी ठरवलं. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. शहाद्याकडचं घराणं आहे, चोख आहे. तुझी तलवार वाजतगाजत नेली, मुलीनं तिलाच माळ घातली, फेरे झाले. सूनबाई घरी आली. कामाला चपळ आहे. तू अभ्यास नीट कर.

अभ्यास नीट कर!

आम्हा रजपुतांत नवरदेव लढाईवर असला की त्याच्या जागी तलवार उभी राहायची. मी काय लढाईवर आहे? मी इथं गिरणीचं शास्त्र शिकतोय! कापूस पिंजतोय, सूत मोजतोय, नाकातून काळी काजळी शिंकरतोय. एकोणतीस तारखेला मी काय करत होतो ते दिवसभर आठवत बसलो. आठवलं. शेगडीच्या गॅसच्या मीटरमध्ये टाकायला पेनी नव्हती म्हणून कोट घालूनच अंथरुणात पडलो होतो. इंदिराचा विचार करत होतो. तिकडे माझ्या लग्नाच्या पंगती उठत होत्या.

इंदिराला कळलं असेल का? आमच्या दोंडाईचाहून मिरचीच्या गाड्या रोज तिच्या धुळ्याला जातात. कळलंच असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रतिलालला सांगितलं. तो जळगावचा, काकांची तिथं कापसाची जिनिंग फॅक्टरी. माझ्याच वर्गात, शेजारच्याच खोलीत. आधी पोट धरून हसला.

"अरे, तलवारीशी झालं ना? मग तलवारच नांदवेल तिला! तू कशाला जीव काढतोस?"

मी त्याची गचांडी धरली. मग त्याच्याच खांद्यावर रडलो — लिहायलाही लाज वाटते. तो म्हणाला, "रड, पण कॉलर सोड. एवढी एकच धुतलेली आहे."

मंगळवार, १८ डिसेंबर

झोप नाही. डोळ्यांपुढं एकच — घरून निघालो तो दिवस.

दारात गाडी जुंपलेली. आबांनी देवळीतून तलवार काढली, पाटावर ठेवली, कोरा लाल शेला माझ्या हातात दिला. "तुना हातनं बांधी दे, हिलाल. वाटमा देव राखस."

मी बांधला. हसत बांधला! करकचून, गाठीवर गाठ. वर म्हणतो काय — "अशी बांधली आबा, मनाशिवाय कोणालेच सुटाव नई!" आबाही हसले. भाऊनं मान फिरवली. सुंदरवहिनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, मी जातोय म्हणून रडतेय. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं.

तलवार कशाला, शेला कशाला, मी विचारलंच नाही. माझ्या डोक्यात बोट होती. इंदिरावरून वर्षभर भांडलेले आबा आपण होऊन विलायतेला पाठवतायत, तिचं नावही काढत नाहीत — मी समजलो म्हातारा वितळला!

नवऱ्याच्या हातचा शेला असल्याशिवाय तलवार बोहल्यावर चढत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी तेवढं आठवलं नाही.

बुधवार, १९ डिसेंबर

इंदिरा रजपुताचीच पोर. पण तिच्या आईचा पाट लागलेला — विधवेनं दुसरं घर केलं. आमच्याकडे ती फांदी खालची. आबा म्हणाले होते, "त्या घरनं पाणी बी पेवाव नई." आणि मी धुळ्यात देवपूरला आत्याकडे राहून शिकलो, शाळेची सगळी वर्षं त्याच घरचं पाणी प्यालो! कुंपणावरून तांब्या यायचा. आधी तिच्या आईच्या हातातून, मग तिच्या.

निघायच्या आधी पांझरा नदीच्या पुलावर ती म्हणाली होती, "अखजीपर्यंत थांबेन. वैशाखात अक्षय तृतीयेचे झोके बांधायच्या दिवसापर्यंत. आईला तेवढंच मनवलंय. पुढं मला थांब म्हणू नकोस, हिलाल." रडली नाही. ती रडत नाही, हेच वाईट.

आणि आज ट्राममध्ये बसल्या बसल्या एकदम लोटनदादा आठवला! आत्याचा चुलतदीर. लढाईत बसऱ्याला होता तेव्हा मागं त्याचंही असंच तलवारीवर उरकलेलं. परत आला तो घरात शिरलाच नाही. उंबऱ्याबाहेर पंचांसमोर शेल्याची गाठ सोडली आणि मोकळा झाला. आमच्या भाऊबंदांचा शिरस्ताच आहे — ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि त्या बाईच्या हातचा घास पोटात जायच्या आत सोडायची. एकदा तिच्या हातचं खाल्लं की तलवारीचं लग्न माणसाचं झालं. मग सुटत नाही. लोटनदादानं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. ती मुलगी कुंवार म्हणून माहेरी परत गेली. पुढं तिचं काय झालं कोण जाणे.

सुटतं! सुटतं!!

धावत जाऊन तार केली. "गाठ सोडायला येतो. हिलाल."

रतिलालनं कपाळ बडवलं. "अरे येड्या, घरफोडीला जाताना कोणी तार करतं का?"

"मी चोर नाही. मी रजपूत आहे."

"तेच म्हणतोय मी."

गुरुवार, २० डिसेंबर

आज टर्मची परीक्षा. रतिलालनं ओढत नेलं — एवढी परीक्षा दे, मग जा मसणात. अखजीला अजून किती अवकाश आहे! त्याला काय सांगू? इंदिरा अखजीपर्यंत थांबेल ती माझ्यासाठी. कुणाच्या नवऱ्यासाठी नाही.

सकाळी तुटलेलं सूत जोडायची परीक्षा. विणकराची गाठ. इथल्या गिरणीतल्या पोरी ती एका हातानं मारतात, गप्पा मारता मारता. मला टर्मभर नीट आली नाही. आज तर धागा दोनदा निसटला. मास्तर घड्याळ धरून शेजारी उभा. माझ्या हातांकडे बघून म्हणाला, तुमच्या देशात गाठी मारत नाहीत वाटतं? सगळे हसले.

ऑक्टोबरात यानंच खानदेशी कापसाची मूठ वर धरून वर्गाला सांगितलं होतं, यात कुठं कापूस सापडतो का बघा — पाला, माती, कचरा! मी ती मूठ हिसकावून त्याच्या टेबलावर आपटली होती. आठवडाभर वर्गाबाहेर काढलं. माझ्या घरचा कापूस तो, आबांच्या शेतातला असेल, कुणी सांगावं!

आज काही आपटलं नाही. सूत खाली ठेवलं, टोपी उचलली, चालू लागलो. मागून रतिलाल भर परीक्षेत मराठीत ओरडला, "हिलाल! बस खाली!"

ट्रामच्या दांड्याला लोंबकळलो तेव्हा दिसलं — बोटाला तो धागा तसाच गुंडाळलेला.

झाली माझी विलायत! एक टर्म. एवढ्यात मी काय पाहिलं? धूर. ओल्या विटा. पहाटे गिरणीकडे धावणाऱ्या बायकांच्या लाकडी बुटांची खडखड — पहिल्या दिवशी वाटलं घोडदळ आलं. उकडलेला बटाटा, उकडलेली कोबी, उकडलेला मासा. इथं सगळं उकडतात. भूक लागली की मला कळण्याची भाकरी दिसते. ज्वारी-उडदाची, तव्यावरून फुगून उतरलेली, वर भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. स्वप्नात इंदिरा येत नाही, भाकरी येते! सांगितलं तर मारेल.

शुक्रवार, २१ डिसेंबर

सामान बांधलं. मिसेस हॅलम दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा लढाईत गेला. त्याचीच ही खोली. म्हणाली, बायकोला भेटायला चाललास, छान. दिसायला कशी आहे?

म्हटलं, पाहिली नाही.

तिनं विचारलं, नाव काय?

म्हटलं, ठाऊक नाही.

ती हसायची थांबली. मग म्हणाली, बिचारी.

बिचारी! बिचारा मी की ती?

शनिवार, २२ डिसेंबर — लिव्हरपूल

बोटीत चढलो. मागे वळून पाहिलं नाही.

सोमवार, ३१ डिसेंबर — समुद्रात

अन्न टिकत नाही. ओकून ओकून आतडी पिळली. तरी आज नेम केला. हिंदुस्थानच्या मातीवर पाय ठेवीन तिथून पहिला घास इंदिराच्या हातचा! त्याआधी काही नाही. मग गाठ सोडीन, मग लग्न. मोठ्यानं बोललो. शेजारच्या पंजाबी गृहस्थानं कूस बदलली.

ती दुसरी — तलवारीची बायको — तिच्याबद्दल मला काही वाटत नाही. तिनं तलवारीच्या गळ्यात माळ घातली तेव्हा तिला काही वाटलं का?

सोमवार, १४ जानेवारी १९२९ — मुंबई

उतरलो. संक्रांत आज. गोदीवर एका हमालानं तिळगूळ पुढं केला. नाही घेतला. त्याला वाईट वाटलं.

मंगळवार, १५ जानेवारी — देवपूर

चाळीसगावला गाडी बदलून दुपारी धुळ्याला. आत्यानं दारातच डोळे पुसले. "तुझ्या बापानं मला विचारलं नाही रे, नुसता अक्षता घेऊन माणूस धाडला." मी म्हटलं, पाणी नको आत्या, मी परसात जातो.

इंदिरा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. मला पाहिलं. पिळलेलं लुगडं हातातच राहिलं.

"बारीक झालास," म्हणाली.

"मी लग्न केलेलं नाही, इंदिरा. तलवारीचं झालं."

"शेला कुणाचा होता?"

"मला माहीत नव्हतं कशासाठी बांधतोय."

"विचारलंस?"

तिनं लुगडं झटकलं. थेंब माझ्या तोंडावर उडाले.

मग लोटनदादाची गोष्ट सांगितली. नेमाचं सांगितलं. पहिला घास तुझ्याच हातचा! ती आत गेली, तांब्या घेऊन आली, कुंपणावरून हात निम्मा पुढं आला — आणि थांबला.

"नाही. आधी सोडून ये. सुटल्यावर इथं पी, पोटभर. आज दिलं तर मी कोण? दुसरीच्या नवऱ्याला पाणी पाजणारी! माझ्या आईला लोकांनी जे ऐकवलं ते मला ऐकायचं नाही."

तांब्यातलं पाणी तिनं तुळशीला ओतलं.

तिचं बरोबर आहे. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलीय, तरी बरोबर आहे. आत्याच्या रांजणातलं पाणी प्यालो. पाणी नेमात नव्हतं. जेवलो नाही.

बुधवार, १६ जानेवारी — घर

मगनच्या सर्व्हिस मोटारीनं फाट्यापर्यंत. हा मगन धुळे-दोंडाईचा रोज करतो, सगळ्या मुलखाच्या बातम्या त्याच्या टपावर. म्हणाला, "नवरदेव, तुमनी तार बठ्ठा गावले पाठ शे!"

दिवेलागणीला पोचलो. चालताना दोनदा खाली बसलो, डोळ्यांपुढं काजवे.

आबा ओट्यावर. "उना का विलायतना लाटसाहेब?"

मी उंबरा ओलांडला नाही. समोरच्या खळ्यात उभा राहिलो. म्हणालो, तलवार आणा, पंच बोलवा, आत्ता. वाटलं, ओरडतील, काठी उचलतील. छे! शांत. "सोडजो. कोण नई म्हणस? सुकदेव नाना दोंडाईचाले जायेल शे, सकाय ई. पंच नई तं गाठ कोणासमोर सोडशी?" नाना पंचांचे मुखिया; म्हणजे सकाळपर्यंत थांबणं आलं.

भाऊनं खाट आणून टाकली. माझ्याकडे बघितलं नाही.

"या घरातलं मी काही खाणार नाही," मी सांगून टाकलं. मग वहिनी आली, खळ्याच्या कडेला उभी राहिली. "मी रांधस, भाऊजी. मना हातनं बी नई खावाव का?"

तिचा आवाज ऐकला आणि माझा नेम गेला. समुद्रावरचा, पंजाब्यासमोरचा, सगळा नेम! "तुमच्या हातचं खाईन वहिनी. फक्त तुमच्या."

आत भाकरी थापल्याचा आवाज. भाजल्या वांग्याचा वास. अंधार पडला, वहिनी ताट घेऊन आली. आबा समोर बसलेले म्हणून छातीपर्यंत पदर ओढलेला. मी ताट हिसकावलंच जवळजवळ. कळण्याची भाकरी! बोट भाजलं. दुसरी घेऊन आली, तिसरी. मी तोंडात घास घेऊन बोलत होतो, "वहिनी, विलायतेत सगळं उकडतात! माणसंसुद्धा उकडलेली!" वहिनी एरवी खळखळून हसते. आज हसली नाही. दमली असेल.

पोट भरलं. उद्या गाठ सुटणार. इंदिराला नेमाचं सांगायचं नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

झालं ते लिहितो.

पंच ओट्यावर बसले. सुकदेव नाना मधे. तलवार आणली, लाल शेल्यासकट. मी पुढं झालो. नानांनी हात वर केला.

"थांब बेटा. रातले जेवना का?"

"जेवलो. वहिनीच्या हातचं."

भाऊ जमिनीकडे बघत होता. नानांनी दाराकडे तोंड वळवलं. "सूनबाई, रातले ताट कोणी वाढं?"

आतून आवाज आला. कधी न ऐकलेला.

"मी."

हिरवा चुडा! ताट धरलेल्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. वहिनीच्या हातात दोन काचेच्या बांगड्या नि एक पाटली. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं! कंदील होता की खाटेशी. पण माझे डोळे भाकरीवर होते.

घरात घुसलो. वहिनी चुलीपाशी उभी, पदर तोंडात. "रांधं मीच, भाऊजी. देवनी आन, मीच रांधं. उचलाले मात्र मामंजींनी तिले सांगं."

आबा मागून म्हणाले, "तार तूच करी ना? टेसनमास्तरनी वाची दखाडी. मंग आम्ही काय झोपी ऱ्हावाव?"

रांजण फोडला. कशानं फोडला आठवत नाही. तलवार ओढली, गाठीला नखं लावली. लग्नातली हळद नि पाणी मुरून शेला वाळलाय, गाठ दगडासारखी. नखातून रक्त आलं, दातांनी धरली. भाऊ म्हणाला, "हिलाल, नको." माझ्याकडे पहिल्यांदा बघून म्हणाला.

नाना उठता उठता बोलले, "सोड नई तं नको सोडू, बेटा. आते ती नुसती गाठ शे."

मगनच्या मोटारीबरोबर इंदिराला निरोप धाडला. जे झालं ते सगळं. खोटं बोलायचं मनात आलं होतं.

शुक्रवार, १८ जानेवारी

ती — तलवारीची बायको — कोठीच्या खोलीत राहते. तलवारही तिथंच, खुंटीला. मी ओरडायला गेलो. ती शेंगा फोडत बसलेली. उठली नाही, पदर तेवढा पुढं ओढला.

"ताट कुणासाठी नेतेस, कशासाठी, तुला माहीत होतं?"

"व्हतं."

"मग?"

"मंग काय? मना मांगे दोन बहिनी शेत. मी परत गऊ तं त्यासले कोण मांगी?" शेंग फुटली. "तुमना लोटनदादानी सोडेल पोर कोण, माहीत शे का?"

"नाही."

"मनी सख्खी मावशी. कुंवार म्हणीसन धाडी तिले. बारा गावमा कोणी मांगं नई. आजून बापना गोठामा शेण काढस. आते तं बाप बी नई, भाऊसना गोठामा."

ती पुढं बोलली, शेंगा फोडत.

"तार उनी तवय मी पानी भरी राहिनू व्हतू. टेसनमास्तर बठ्ठासमोर वाचस. गाठ सोडाले येस म्हणे. कोणी गाठ? दोरनी का गोणीनी? मनं नाव तं टाकानं व्हतं."

तिच्याकडे न बघता बाहेर आलो. तेव्हाही नाव विचारलं नाही.

संध्याकाळी फाट्यावर मगन भेटला. पान थुंकून म्हणाला, "निरोप शे. पोर तिखट शे हां तुमनी, दोंडाईचानी मिरची झक मारस!" मग निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत. "अखजीपर्यंत थांबते म्हटलंय, तर थांबेन. कसा सुटतोस ते तुझं तू बघ. पण सुटून ये."

थांबेल! अजून थांबेल!

परतलो तर कोठीच्या दाराआडून आवाज. मीच मोठ्यानं बोलत आलो असेन, तिनं ऐकलं असणार.

"पंच सकाय परत बोलाडा. मी सांगसू — मी खोटं सांगं, ताट सुंदरबाईनी वाढं. ती बी हो म्हणी, ती रडी राहिनी कालदिनथीन. जावा तुम्ही तुमना देवपूरले."

"आणि तू?"

"मावशीले एकटं वाटस."

ती पुढं म्हणाली, "तुम्ही आठे ऱ्हायनात तं रोज वरडशात. तलवारसंगे ऱ्हायनू इतला दिन. ती वरडत नई."

पंचांना निरोप धाडला. भाऊ विचारतो, कशाला? सांगितलं नाही. उद्या या वेळी मी मोकळा असेन. पुलावरून पलीकडे गेलो की तांब्या.

वहिनीला तिचं नाव विचारलं. सहज.

शनिवार, १९ जानेवारी — फाट्यावर

पंच बसले. ती दाराआड उभी, बोलायला. चुड्याचा आवाज आला. नाना म्हणाले, "बोल बेटा."

मी आधी बोललो. सगळ्यांसमोर, नाव घेऊन. "शेवंता. भाकर आण."

आबांची चिलीम तोंडाशीच राहिली. ती बाहेर यायला तयार होईना. वहिनीनं ढकललं असावं. भर उन्हात, ओट्यावर, तिच्या हातातून घेतली. सगळी खाल्ली. हळूहळू, सगळ्यांना दिसेल अशी. शिळी होती. पांझरेचा पूल दिसत राहिला. तरी खाल्ली. आता तिला कोणी परत धाडू शकत नाही. मीसुद्धा नाही.

नाना म्हणाले, "झायं." उठले.

इंदिरा अखजीपर्यंत थांबेल. मी जाणार नाही, हे तिला कोण सांगणार? मगनला सांगितलंय.

इथं राहिलो तर आबांवरचा राग रोज शेवंतावर निघेल. मी मला ओळखतो. एकटाच जळगावला जातो; रतिलालच्या काकांच्या जिनिंगमध्ये काम मिळेल. कापसातला पाला निवडता येतो मला, एक टर्म शिकलोय.

ट्रंक घ्यायला कोठीत गेलो. म्हटलं, तलवार नेऊ? ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." मग शेंगांकडे वळली.

"दार ओढी लेज्यात. वारा येस."

बाहेर आलो. ओढून घेतलं.